गुरुवारची कुसळं

लुगडं अर्धं साबणाच्या पाण्यात बुडालं होतं आणि अर्धं मंगलच्या मांडीवर होतं. मोरीतल्या दगडावर बसून ती सासूच्या लुगड्याच्या काठातली कुसळं उपसत होती. एक उपसावं तर दुसरं बोटात घुसे. नळ तसाच वाहत होता, गॅसवर दूध होतं, तरी तिचा हात पुढं सरकत नव्हता. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. औदुंबरला जाऊन आलेल्या बाईच्या लुगड्याला डोंगरातली कुसळं लागली कशी?

औदुंबर काही मंगलला नवं नव्हतं. दत्तजयंतीला ती न चुकता जायची. ओगलेवाडीत घर म्हणजे कराडचं स्टेशन हाकेवर. पॅसेंजरनं भिलवडीला उतरायचं, रिक्षा थेट देवळाजवळ. पुढं फरशी, घाट, कृष्णेचं पाणी आणि उंबराची सावली. कुसळी गवत तिथं औषधालाही नाही. मग सासू, रंगुबाई, दर गुरुवारी जात होती कुठं?

मंगलचा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला दारात आला की ती आधी बोट बुडवून बघे, मग पातेलं पुढं करी. गॅसची टाकी आली की हलवून बघितल्याशिवाय घरात घेत नसे. नारळ घेताना कानाशी वाजवून घेई आणि तोच नारळ देवळात फोडायला दिला की गुरवाच्या हाताकडं डोळे लावून बसे. देव सोडला तर तिचा कुणावर पुरता भरवसा नव्हता, आणि गुरवावर निम्मासुद्धा नव्हता. मात्र देवाच्या बाबतीत एकदम पक्की. गुरुवारचा उपास लग्नानंतर कधी चुकला नव्हता. घरात मटण शिजायचं ते इतर वारी, आणि तेही मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर.

रंगुबाई तिच्या अगदी उलट. आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातली धनगराची बाई. आयुष्याचा अर्धा भाग मेंढरांमागं चालण्यात गेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालून कृष्णाकाठाला उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायचं. नवरा गेला, मेंढरं विकली, थोरला मुलगा भाऊसो, म्हणजे मंगलचा नवरा, साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि म्हातारी त्याच्याबरोबर पक्क्या भिंतींच्या घरात आली. पण चालीरीती तिच्या उघड्यावरच्याच राहिल्या. निजायची ती दाराकडं तोंड करून. लग्नकार्यात सगळं घर गोळा झालं की एका कोपऱ्यात उभी राहून बोटानं सगळ्यांची डोकी मोजायची. चार माणसं रस्त्यानं निघाली तर ही सगळ्यात मागं चालायची, आणि मधेच थांबून पाठीमागं नजर टाकायची. "मागं काय राहिलंय आत्या?" मंगल वैतागून विचारायची. "राहिलं न्हाई ना, त्येच बघती," असं म्हातारी म्हणायची.

घरात तिला फारसं काम उरलं नव्हतं. सकाळी चहा झाला की ती बाहेरच्या पायरीवर बसे. डोळ्यांवर आडवा हात धरून गल्ली बघत राही. दुपारी जेवून परत तिथंच.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मंगल एकटी घर झाडत होती, डबे घासत होती, भाजणी करत होती. डोक्याला पदर, नाकातोंडात धूळ. बाहेर आली तर सासू पायरीवर. मंगलच्या तोंडातनं निघून गेलं, "आत्या, दिसभर नुसतं बघत बसायचं! दुसरं काय हायच न्हाई व्हय तुमाला?"

रंगुबाईच्या डोळ्यांवरचा हात तेवढा खाली आला.

त्याच गुरुवारी म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. "औदुंबरला जाऊन येते," म्हणाली. मंगलला आत कुठंतरी बरं वाटलं. बोलणं लागलं असेल, पण देवाच्या वाटेला तरी लागली! गल्लीतल्या बायकांना तिनं आपणहून सांगितलं, "आत्यांनी गुरुवारची वारी धरलीय." संध्याकाळी म्हातारीनं पेढ्यांचा पुडा पुढं केला. मंगलनं तो दत्ताच्या तसबिरीपुढं ठेवला, आरती केली आणि त्यातल्याच एका पेढ्यावर उपास सोडला.

असे गुरुवारमागून गुरुवार गेले आणि हळूहळू एकेक गोष्ट मंगलच्या डोळ्यांत सलायला लागली.

पहिले पेढेच. एकदा पुड्यातला पेढा तपकिरी निघाला, चांगला खरपूस भाजलेला. हा तर कंदी पेढा! सातारा कुठल्या दिशेला, औदुंबर कुठल्या दिशेला? त्यानंतर वहाणा. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक म्हातारीनं भाऊसोकडून खाली काढून घेतली आणि तळातनं जुन्या धनगरी वहाणा काढल्या. स्टेशनाजवळच्या कोंडीबाकडं जाऊन त्यांना टायरचा जाड तळ मारून आणला. घाटाच्या फरशीवर चालायला एवढा जाड तळ कशाला? आणि ट्रंक खाली काढली ती परत माळ्यावर गेलीच नाही. म्हातारीच्या उशाशी राहिली. ट्रंक माणूस उशाशी कधी ठेवतं? घर सोडायचं असतं तेव्हा.

आणि आता ही कुसळं.

"मंगल, ए मंगल!" भिंतीपलीकडून मुक्ताबाईंनी हाक मारली. मुक्ताबाई शेजारच्या. त्यांच्या कानाला भिंतीचा अडथळा कधीच नव्हता. "दूध करपतंय गं तुझं!"

मंगल धावत जाऊन गॅस बंद करून आली. मुक्ताबाई भिंतीवर कोपर टेकून तयारच होत्या.

"काल मी सांगलीसनं येत हुते," त्यांनी आवाज खाली आणला. "तुझी सासू माझ्याच डब्यात चढली."

"भिलवडीला ना?"

"त्येच तर सांगतीया! भिलवडीला मी मुद्दाम खिडकीतनं मान बाहेर काढून बघितलं. गुरुवार, तवा गर्दी लय. तुझी सासू न्हवती. ही चढली ताकारीला."

"ताकारीला?"

"बिरोबाची आण! म्हटलं, रंगुबाई, हितं कुठं? तर म्हणती, गाडीत डोळा लागला, चुकून उतरले. डोळा लागणारी बाई व्हय ती? रात्री मांजर गेलं तरी उठून बसती."

ताकारीच्या पलीकडं एका वाडीत सोनियाचं माहेर होतं. सोनिया म्हणजे धाकट्या दिराची, नाथाजीची बायको. नाथाजी सांगलीत विश्रामबागेत फ्लॅटात राहत होता, आणि आईला घेऊन जाण्याचं त्याचं बोलणं अधूनमधून निघायचं. मंगलला सगळा डाव लख्ख दिसला. विश्रामबागेपर्यंत म्हातारीची दगदग नको, म्हणून अर्ध्या वाटेवर माहेरच्या घरात गाठीभेटी. बोलणी पुरी झाली की एक दिवस ट्रंक उचलायची आणि जायचं. आणि मग ही सगळी गल्ली, सगळे पाहुणे, उद्या भाऊसोचे कारखान्यातले मित्रसुद्धा म्हणणार, थोरल्या सुनेनं म्हातारीला घालवली. नुसतं बघत बसता म्हणाली, म्हणून घालवली.

ते वाक्य तर तिच्याच तोंडचं होतं. लोकांना खोटं तरी कसं ठरवणार?

रात्री भाऊसो जेवायला बसला तेव्हा तिनं विषय काढला. कारखान्याचा गळीत हंगाम चालू, माणूस दमलेला.

"आवं, आत्या औदुंबरला जात न्हाईत."

"मग कुठं जाती?"

"ताकारीला. सोनियाच्या माहेरी."

"कशाला?"

"ह्ये तुमी विचारा तुमच्या आईला!"

भाऊसोनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "आये आजवर शेकडो कोस चालली, कुणाला इचारून चालली न्हाई. आता ताकारीला गेली म्हणून मी काय इचारू? तूच बघ जा मागनं."

तो गमतीनं बोलला होता. मंगलनं ते गमतीनं घेतलं नाही.

पुढच्या गुरुवारी मंगल पहाटे उठली तर स्वयंपाकघरात आधीच दिवा. रंगुबाई गॅसजवळ उभी राहून कुकरमधली रताळी काढत होती. म्हातारी बाहेर निघताना कायम भाकरी आणि ठेचा बांधून नेई. उपास तिनं जन्मात केला नव्हता. मग ही उपासाची रताळी कुणाला? सोनियाला! सोनियाचाही गुरुवारच. लग्नानंतर मंगलचंच बघून तिनं धरला होता.

"रताळी कशाला आत्या?"

"असू द्यात. वाटंला लागत्यात." म्हातारीनं ती फडक्यात बांधली, भाकरीची चवड वेगळ्या फडक्यात बांधली, वहाणा घातल्या आणि निघाली.

मंगलनं दत्ताला फूल वाहिलं, उदबत्ती लावली, आणि आरती तशीच अर्धी ठेवून हात जोडले. "महाराज, आल्यावर पुरी करते." डोक्यावरनं पदर ओढून घेतला, मागच्या दारानं बाहेर पडली आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकानं स्टेशन गाठलं. रंगुबाई प्लॅटफॉर्मवर पुढं उभी होती. गाडी आली तशी मंगल मागच्या डब्यात चढली आणि दारालगतच्या बाकावर, जिथनं प्रत्येक स्टेशनात उतरणारी माणसं दिसतील, अशी बसली.

शेणोली गेली, भवानीनगर गेलं. उसाच्या फडांतनं गाडी सावकाश चालली होती. कुठं तोड चालू, कुठं पाचट पेटवलेलं, धुराचा वास डब्यात येत होता. मंगलला त्यातलं काही दिसत नव्हतं. ती मनातल्या मनात सोनियाशी भांडत होती. काय बोलायचं, कसं बोलायचं, आधी आवाज चढवायचा की आधी रडायचं, हे सगळं तिनं जुळवून ठेवलं.

ताकारीला रंगुबाई उतरली. अगदी सरळ, डोळा न लागता. स्टेशनाबाहेर प्रवासी भरणारी वडापची जीप उभी होती, तिच्यात पुढच्या बाकावर जाऊन बसली. जीप भरली आणि निघाली. मंगलनं धावत जाऊन एक रिक्षा पकडली.

"त्या जीपच्या मागं घ्या."

रिक्षावाल्यानं आरशातनं तिच्याकडं बघितलं. "कोण पळून चाललंय वैनी?"

"सासू."

"सासू पळाली तर माणसं गुळखोबरं वाटत्यात. तुमी मागं लागलाय!"

"तुमी गाडी चालवा हो!"

सोनियाच्या माहेराकडं वळायचा फाटा आला. जीप वळली नाही. सरळ पुढं गेली, डोंगराच्या दिशेनं. मंगलचा सगळा जुळवलेला हिशेब विस्कटला, पण संशय मात्र आणखी चढला. घरात भेटायचं सोडून आता डोंगरात? एवढं लपवण्यासारखं काय आहे?

सागरेश्वराच्या देवळांपाशी जीप थांबली. रंगुबाई उतरली, बाहेरूनच महादेवाला हात जोडले, आणि देवळात पाऊल न टाकता अभयारण्याच्या वाटेला लागली. मंगल बघतच राहिली. दर गुरुवारी देवाला जाणारी बाई, देव समोर असताना बाहेरून?

आणि इथंच मंगलची चूक झाली. पाठलागाला निघालेल्या माणसानं पाठलाग करावा. पण समोर जुनं दगडी देऊळ, आत महादेव. दर्शन न घेता पुढं जायचं तिच्या पायांना ठाऊकच नव्हतं. एक घंटा, एक नमस्कार, एवढंच म्हणून ती आत गेली. आत एका पिंडीला हात लावला तर शेजारी दुसरं देऊळ, त्याच्या बाजूला तिसरं. एकाला नमस्कार करून दुसऱ्याला वगळायचं कसं? सगळ्या देवांना पुरी पडून ती बाहेर आली तेव्हा वाटेवर म्हातारीचा मागमूस नव्हता.

ती तशीच झपाझप गेटपाशी गेली. तिथला मिशाळ गार्ड खुर्चीवरून उठला.

"तुमी कराडच्या का?"

मंगल दचकली. "का?"

"आजी म्हणाल्या, मागनं माझी सून येतीया. देवळात शिरली असंल, यायला उशीर हुईल. तुमचं तिकीट काढून गेल्यात त्या. जावा सरळ वर. आजी त्यांच्या नेहमीच्या दगडावर असतील."

मंगलच्या कानशिलापर्यंत उष्णता चढली. म्हातारीला कधीपासून ठाऊक होतं? गाडीपासून? घरापासून? आणि ठाऊक होतं तर एकदाही मान वळवली कशी नाही?

वाट चढणीची होती. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, मधे खैर, घाणेरी. घाणेरीच्या फांद्या पदराला ओढत होत्या. अर्ध्या वाटेवर तिच्या घरगुती चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन, पाय वाकडे टाकत, तोंडानं दत्ताचं नाव आणि मनात सासूचं नाव घेत ती वर पोचली. साडीच्या निऱ्यांत कुसळंच कुसळं भरली होती.

कड्याजवळच्या एका सपाट दगडावर रंगुबाई बसली होती. एकटी. सोनिया नाही, नाथाजी नाही, कुणी नाही. डोळ्यांवर आडवा हात. घराच्या पायरीवर बसायची तश्शी.

"बस," ती मागं न बघता म्हणाली. "चप्पल तुटली व्हय? आवाज एका पायाचाच येतुया."

मंगल धापा टाकत खाली बसली. इतका वेळ जपून ठेवलेलं भांडण तिला शोधूनही सापडेना.

"तुमाला कवा कळलं मी मागं हाय म्हणून?"

"आगं, मेंढरामागं जन्म गेला माझा. मागं कोण हाय ह्ये कळल्याबिगर पुढं पाय पडतुया व्हय? कराडच्या प्लॅटफॉर्मवर तू चहाच्या टपरीमागं दडलीस. टपरी केवढी, तू केवढी!"

"मग हाक मारायची की!"

"हाक मारली असती तर परत गेली असतीस. एखादं मेंढरू लय हट्टी असतंय. ओढलं तर येत न्हाई. आपण पुढं चालायचं आन् मागं बघतोय असं दाखवायचं न्हाई. येतंय बरोबर."

"म्हंजी मी मेंढरू?"

"मी कुठं म्हटलं?" म्हातारी गालात हसली आणि फडक्याची गाठ सोडली. "घे. रताळी. तुझा उपास हाय ना."

मंगलनं रताळ्याकडं बघितलं. पहाटेपासून ज्या रताळ्यावरून ती सोनियाला शिव्या घालत होती, ते तिच्याच हातात आलं होतं. भूक सपाटून लागली होती. तिनं खाल्लं. पण संशय काही रताळ्याबरोबर गिळला जाईना. शेवटी तिनं विचारूनच टाकलं.

"आत्या, खरं सांगा. तुमी नाथाजीभावजींकडं ऱ्हायला चाललाय का?"

रंगुबाईनं पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"ह्येच्यासाठी आलीस व्हय एवढ्या लांब?"

"ट्रंक उशाशी घेऊन निजताय. वहाणा काढल्या. औदुंबर म्हणून सांगता आन् ताकारीला उतरता. मी काय समजायचं? लोक म्हणतील मी घालवली तुमाला."

"ट्रंक परत वर ठेवाय भाऊसोला सवड हाय का? हंगाम चाललाय. ऱ्हायली उशाशी तशीच." म्हातारीनं भाकरीवर ठेचा घेतला. "आन् नाथाकडं जाऊन काय करू गं? त्याच्या फ्लॅटाच्या खिडकीतनं दुसऱ्या फ्लॅटाची भिंत दिसती. तिकडं काय बघू मी?"

"त्यो खालचा ओढा बघ," रंगुबाईनं बोट केलं. खाली ऊस, ऊस आणि ऊस, त्यात कृष्णेचं वळण उन्हात चमकत होतं. त्याच्याही पलीकडं एक गाडी मुंगीसारखी चालली होती. "त्या ओढ्याच्या कडंला आमचा तळ पडायचा. तवा ह्या डोंगरावर पान न्हवतं. उघडा बोडका. आमी मेंढरं वर घालायचो. पुढं लोकांनी झाडं लावली, कुंपण घातलं, हरणं सोडली आन् आमाला म्हणाले खाली उतरा. मी लय शिव्या घातल्या हुत्या त्या टायमाला. पण वर येऊन एवढी वरसं मेंढरं चारली, ह्यो मुलूख मी कवा बघितलाच न्हाई. नजर सारी मेंढराच्या पायात. लांडगा कुठनं येतुया, कुणाच्या पिकात तोंड जातंय, कोण काठी घेऊन धावून येतंय. माणूस दिसलं की चोर वाटायचं, झुडूप हाललं की लांडगा वाटायचा. जन्मभर टकामका बघितलं, पण काय बघितलं म्हणशील तर काय न्हाई."

"म्हणून येता?"

"तू म्हटलीस न्हवं, दिसभर नुसतं बघत बसता. म्हटलं, बघायचंच हाय तर गल्लीच का बघायची? साताऱ्याकडं जरंड्याच्या डोंगराखाली आमचा तळ असायचा, वर कवा गेले न्हवते. त्ये बघून आले. माहुलीच्या संगमावर मेंढरं धुतली हुती, पण ती दगडी देवळं मान वर करून बघितली न्हवती. ती बघितली. गाडी हाय, पाय हाईत."

"आन् पेढे?" मंगलला एकदम आठवलं. "ते कुठले?"

"जिथलं असंल तिथलं. एकदा साताऱ्याचं हुतं. बाकीचं आपल्या स्टेशनाबाहेरचं."

"आत्या! मी ते प्रसाद म्हणून देवापुढं ठेवले! त्यावर उपास सोडला!"

"मग दत्तानं काय तक्रार केली का?"

"थट्टा करू नका. देवाचं नाव घेऊन खोटं बोलायचं म्हंजी..."

"त्येला सांगूनच जाते मी. गाडीत बसले की भिलवडीकडं तोंड करून हात जोडते. म्हणते, तुझं नाव वापरलंय, राग धरू नको." रंगुबाईनं ठेच्याचं बोट चाटलं. "बाई देवाला निघाली म्हटलं की सगळं गाव वाट सोडतंय. नुसतं बघाय चालले म्हटलं असतं, तर तू काय म्हटली असतीस?"

मंगलला उत्तर येत होतं. तेच वाक्य, दिवाळीच्या आधी दारात उभी राहून बोललेलं. ते तिच्या तोंडातनं दुसऱ्यांदा निघालं नाही.

गवतात खसखस झाली. खालच्या उतारावर हरणांचा कळप झुडपातनं बाहेर आला. पुढं एक, त्याच्यामागं बाकीची, ठिपक्यांच्या पाठी उन्हात हलत होत्या. मंगलनं नकळत बोट उचललं आणि मोजायला लागली. सासूबरोबर राहून तिलाही ती सवय लागली होती.

रंगुबाईनं तिचं बोट धरून खाली केलं.

"ही मोजायची न्हाईत. एखादं कमी भरलं तरी आपल्याला कोण इचारणार न्हाई."

दोघी बसून राहिल्या. मंगलला आधी वाटलं, आता उठू, आता उठू. घरी आरती अर्धी राहिली होती, भांडी तशीच होती. मग वाटायचं थांबलं. हरणं पाण्याकडं गेली, सावल्या सरकल्या. मधेच तिच्या मनात येऊन गेलं, की नाथाजीकडं जात नाही म्हणाली खरी, पण असं सगळंच गोड कसं बोलतेय? तिनं चोरून सासूच्या तोंडाकडं बघितलं. म्हातारी नदीकडं बघत होती. तिच्या तोंडावर काही लपवलेलं दिसत नव्हतं. आणि तरीही मंगलनं ठरवलं की घरी गेल्यावर ट्रंक एकदा उघडून बघायचीच.

उतरताना रंगुबाई सवयीनं मागं राहिली. तुटकी चप्पल हातात घेऊन मंगल पुढं चालत होती आणि पाठीमागनं जाड तळाच्या वहाणांचा आवाज येत होता. देवळांपाशी ती थांबली. "आत्या, निदान महादेवाला तरी आत येऊन भेटा." म्हातारी आत आली, सगळ्या पिंडींपुढं तिच्या मागं मागं वाकली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "तुझ्याबरोबर यायचं म्हंजी लय देव पडत्यात वाटंत."

संध्याकाळी मंगलनं सकाळची अर्धी आरती पुरी केली. त्या दिवशी पेढे नव्हते. तिनं साखरेचा दाणा ठेवला. म्हातारी अंगणात पाय धूत असताना तिनं ट्रंक उघडून बघितली. एक जुनं घोंगडं, नवऱ्याचा लाल पटका, देवाच्या भंडाऱ्याची पुडी. बांधाबांध काही नव्हती. तिनं झाकण हळूच लावलं आणि रात्री भाऊसो आल्यावर जेवणाआधी त्याच्याकडून ट्रंक माळ्यावर चढवून घेतली. रंगुबाई बघत होती.

शुक्रवारी सकाळी मोरीत दोन लुगडी होती. एक नऊवारी, एक सहावारी. मंगल दोन्हीतली कुसळं काढत बसली होती तेवढ्यात भिंतीवर कोपर टेकलं.

"कळलं का गं काय?" मुक्ताबाईंचा आवाज. "गेलीस म्हणं काल तू बी. कुठं जाती सासू?"

मंगलच्या जिभेवर औदुंबर आलं होतं. सोपं होतं, कुणी पुढचं विचारलं नसतं. पण दत्ताचं नाव तसं वापरायची तिची छाती होईना. तेवढं धाडस सासूचं.

"सागरेश्वराला गेलो हुतो."

"आगंबाई, महादेवाला? अभिषेक केला का?"

"दर्शन घेतलं. मग वर डोंगरावर गेलो."

"वर काय हाय?"

"काय न्हाई. डोंगर हाय. नदी दिसती."

"मग कशाला गेला?"

"बघाय."

मुक्ताबाईंनी कोपर भिंतीवरून काढलं, परत टेकलं, मंगलला वरून खालपर्यंत बघितलं. "नुसतं बघाय? दोघी सासूसुना, उपासाच्या दिशी, एवढ्या लांब?" त्यांनी आवाज खाली आणला. "मंगल, माझ्यापासनं तर लपवू नको गं. घरासाठी जागा बघायला गेला हुता का?"

मंगलनं त्यांच्याकडं बघितलं आणि हातातलं कुसळ पाण्यात टाकलं. उत्तर दिलं नाही. दिलं असतं तरी मुक्ताबाईंना पटलं नसतं, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

लुगडी वाळत घालून झाली. पायरीवर रंगुबाई डोळ्यांवर हात धरून बसली होती. तिच्या शेजारून जाताना मंगलनं विचारलं, "आत्या, येत्या गुरुवारी कुठं?"

"भिलवडी. खरंच औदुंबर. तुझ्या दत्ताची उधारी फेडायची हाय. पण घाटावरनं नावंत बसून पलीकडच्या काठाला जायचं, तिकडनं देऊळ कसं दिसतंय त्ये बघायचं."

"आन् तिथं चढ हाय का?"

"काठ हाय. चिखलाचा."

मंगलनं तुटकी चप्पल पिशवीत घातली, दार ओढून घेतलं आणि टायरचा जाड तळ मारून घ्यायला स्टेशनाजवळ कोंडीबाकडं निघाली.